ब्रेकचे पेडल खाली का जाते?

प्रश्न : सिग्नलवर ब्रेक दाबून थांबलो असता पेडल हळूहळू तळाशी जाते, टाकीतील ब्रेक ऑइल मात्र कमी झालेले नाही. दोष कशात असावा?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, ही कळकळीची विनंती. ऑइलची पातळी कायम असताना पेडल खचते, तेव्हा बहुधा मास्टर सिलिंडरमधील (पेडल दाबताच ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांकडे ढकलणारा भाग) रबरी सील झिजून दाबाखालचे ऑइल आतल्या आत मागे सरकत असते. उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट एकसारखे दाबून धरावे. ते खाली जातच राहिले आणि चाकांच्या आतील बाजूस कोठेही ओल दिसली नाही, तर मास्टर सिलिंडर बदलून घ्यावा. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल घट्ट होत असेल, तर मात्र नळ्यांत हवा शिरल्याची शक्यता अधिक. नवे ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच आणि सीलबंद डब्यातले घ्यावे, कारण उघडा डबा मुंबईच्या दमट हवेत ओलावा शोषून घेतो.