यंदा गड्डा चुकणार, मग अ‍ॅमस्टरडॅम तरी नीट बघू!

प्रश्न : ताई नमस्कार. आमचा सोलापुरात टॉवेलचा छोटा कारखाना आहे. येत्या जानेवारीत आमचे हे फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टील या घरगुती कापडाच्या प्रदर्शनाला चाललेत आणि पहिल्यांदाच मलापण चल म्हणालेत. प्रदर्शनाचे चार दिवस झाले की तीन रात्री मोकळ्या आहेत. मला ते कालव्यांचं शहर बघायचंय, पण दीर म्हणतात व्हेनिस, मुलगी म्हणते अ‍ॅमस्टरडॅम, आणि ट्रॅव्हलवाला म्हणतो तीन रात्रीत अ‍ॅमस्टरडॅम, ब्रुज, पॅरिस तिन्ही बसवून देतो. माझा उजवा गुडघा दुखतो, आम्ही शाकाहारी आहोत, थंडीचं टेन्शन आहे, आणि गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, चुकणार याचं वाईट वाटतंय ते वेगळंच. काय करू?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : अहो ताई, आधी त्या ट्रॅव्हलवाल्याला नको म्हणून सांगा. तीन रात्रीत तीन शहरं म्हणजे तुम्ही फक्त स्टेशनं बघणार, आणि ती बॅग ओढत. एकच शहर करा, आणि तुमची मुलगी बरोबर बोलतेय. व्हेनिस सुंदर आहे, वाद नाही, पण तिथं गाडी-रिक्षा काही नाही, चारशेच्या वर पूल आणि बहुतेकांना पायऱ्या, वर हिवाळ्यात भरतीचं पाणी कधीकधी रस्त्यावर येतं. तुमच्या गुडघ्याला ते झेपायचं नाही. उलट फ्रँकफर्टहून अ‍ॅमस्टरडॅमला थेट ट्रेन आहे, साधारण चार तासात पोचता, म्हणजे सोलापूरहून पुण्याला गेल्यासारखंच की.

तिकीट काढताना जाताना फ्रँकफर्ट आणि परतीचं अ‍ॅमस्टरडॅमहून असं काढा, उगाच मागं यायला नको, तिथून मुंबईला डायरेक्ट विमान मिळतं. आणि व्हिसा जर्मनीचाच काढायचा बरं का, कारण शेंगेन व्हिसा (एकाच व्हिसावर युरोपातले बरेच देश) जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडं मागायचा असतो, तुमचे जास्त दिवस फ्रँकफर्टात आहेत. यात बरेच जण घोळ घालतात. फी माणशी ९० युरो, कमीत कमी ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा दिवाळीची वाट बघत बसू नका. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागलं तर रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जायचं, काम उरकायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत.

हॉटेल घेताना एकच प्रश्न विचारा, लिफ्ट आहे का. मी नाही विचारला. कालव्याकाठचं जुनं घर, फोटोत काय दिसत होतं म्हणून सांगू, आणि गेल्यावर बघते तर जिना कसला, शिडीच ती, दोरी धरून चढायचं. तिथली जुनी घरं अरुंद आणि उंच, त्यामुळं जिनेही तसलेच. घराच्या अगदी माथ्यावर एक तुळई बाहेर आलेली असते आणि तिला हूक, कपाट-पलंग जिन्यातनं जात नाही म्हणून दोरानं खिडकीतनं आत घ्यायचे, अजूनही घेतात. माणसाला मात्र हूकनं वर घेत नाहीत, ते चालतच जायचं!

आता बघायचं काय. हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे तीन मोठे कालवे सतराव्या शतकात खणलेले, अर्धगोलात एकाबाहेर एक, २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. तास-दीड तासाची बोट घ्या, थंडीत काचबंद असतात, आतनं उबदार, गुडघ्यालाही आराम. शक्यतो दिवेलागणीची घ्या. जानेवारीत तिथं पावणेनऊला उजाडतं आणि पाचच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा सकाळी सहाला उठून आवरून बसलात तर बाहेर काळोखच. कालव्याची खोली तीन मीटर म्हणे, एक मीटर चिखल, एक मीटर सायकली आणि वर एक मीटर पाणी, असं तिथले लोक स्वतःच गमतीनं सांगतात.

रेइक्सम्युझियमला एक पूर्ण सकाळ द्या, तिथं लिफ्ट आहे. सगळी गर्दी रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’समोर असते, तेही बघा, पण यांना घेऊन त्याच्याच १६६२ च्या एका चित्रापुढं जा. काळ्या कपड्यातले, टोप्या घातलेले पाच जण टेबलाशी बसलेत, मागं एक नोकर उभा, आणि आपण आत गेल्यावर सगळे मान वर करून आपल्याकडंच बघतायत असं वाटतं. हे कोण माहितीये? कापडाचे नमुने तपासणारे, रंगवलेलं कापड चांगलं की नाही ते ठरवणारे लोक. म्हणजे आपल्या भाषेत क्वालिटी चेकिंगवाले! माल रिजेक्ट करणाऱ्याचा चेहरा साडेतीनशे वर्षात बदललेला नाही. चार दिवस स्टॉलवर उभं राहून आलेल्या टॉवेलवाल्याला ते चित्र कुणी समजावून सांगायला नको.

नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँकचं घर बघायचं असेल तर तिकीट फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची तिकिटं निघतात, थंडीच्या दिवसात आपल्याकडं दुपारचे अडीच वाजलेले असतात, भराभर संपतात. पण आतले जिने फारच उभे आहेत, तुमचं तुम्ही ठरवा. तारीख जुळली तर जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी ट्युलिप डे असतो, चौकात हजारो ट्युलिप मांडतात आणि लोकांना फुकट तोडून नेऊ देतात. खऱ्या ट्युलिपच्या बागा वसंतातच, त्यामुळं कॉयकेनहॉफचं नाव सोडून द्या.

खाण्याची काळजी करू नका. सूरीनाम या तेव्हाच्या डच वसाहतीत करारावर गेलेले आपल्याकडचे गिरमिटिया मजूर, त्यांची नातवंडं-पतवंडं पुढं हॉलंडात आली, त्यांची रोटीची दुकानं आहेत, बटाटा आणि चवळीच्या शेंगांची भाजी मिळते, फक्त चिकन-अंडं नको असं आधी सांगायचं. बटाट्याच्या फ्राइजवर शेंगदाण्याचा सॉस देतात, त्याला पिंडासाउस म्हणतात, नाव ऐकून दचकू नका, सोलापूरकराला आवडणारच. त्यात कधी झिंग्याची पेस्ट असते, तेवढं विचारा. बॅगेत कडक भाकरी आणि शेंगा चटणी ठेवाच. पेढे, तूप, खवा मात्र नको, दुधाचं काही बाहेरून नेऊ देत नाहीत.

ट्रॅममध्ये कार्ड चढताना टॅप करायचं आणि उतरतानाही, विसरलात तर जास्त पैसे कापतात. बऱ्याच दुकानात रोख घेतच नाहीत. आणि ती लालसर पट्टी दिसते ना रस्त्याकडेला, ती सायकलींची, तिथं उभं राहून फोटो काढू नका. आपल्या सात रस्ता चौकाच्या गर्दीत निभावलेला माणूसही तिथं गडबडतो, कारण सायकल येते ती आवाज न करता.

थंडीला आतनं थर्मल, वरनं पाऊस-वारा अडवणारं जाकीट, छत्रीचा उपयोग शून्य, वाऱ्यानं उलटी होते.

गड्ड्याचं म्हणाल तर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याची तारीख बघून ठेवा, दुपारचा तो सोहळा तिथं सकाळी दिसेल, साडेचार तास मागं. फोनवर लाइव्ह लावा. आणि गड्ड्यातले पाळणे-दुकानं महिनाभर असतात हो, परत आल्यावर वांग्याचं भरीत, भाकरी खायला जाताच की.