घरात लावायला जपानी वुडब्लॉक (लाकडी ठशाची) प्रिंट घ्यावी की खरं पेंटिंग? प्रिंट म्हणजे शेवटी स्वस्त छपाईच ना?

'स्वस्त छपाई' ऐकलं की माझं डोकं फिरतं, त्यामुळे उत्तर लांबणार.

प्रिंटमेकिंगच्या शेवटच्या वर्षी मी सुझुकी हारुनोबू या जपानी प्रिंट-चित्रकाराच्या 'झाशिकी हक्केई' (दिवाणखान्यातली आठ दृश्यं) या आठ चित्रांच्या संचावर सेमिनार दिला. साधारण 1766 चं काम. पेंटिंगचे एक सर पहिल्याच स्लाइडला म्हणाले, "हे कॅलेंडर आर्ट. पुढे चला." वर्ग हसला.

चीनमधल्या शिआओ-शिआंग नद्यांकाठची आठ दृश्यं हा सोंग राजघराण्याच्या काळापासूनचा शाईचित्रांचा भारदस्त विषय. जपानी चित्रकारांनीही तो पिढ्यान्‌पिढ्या रंगवला. हारुनोबूने तोच उचलून एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) दिवाणखान्यात आणला. मूळ दृश्यांतले उतरणारे रानहंस इथे म्हणजे कोतो या तंतुवाद्याच्या तारांखालच्या तिरक्या रांगेतल्या घोड्या. शरदाचा चंद्र म्हणजे गोल आरसा, समोर केस बांधून घेणारी मुलगी. रात्रीचा पाऊस कुठाय? किटलीत खदखदणाऱ्या पाण्याच्या आवाजात! मूळ विषय ठाऊक असेल त्यालाच हे कळणार. सरांना ठाऊक नव्हता. मी तसं म्हटलं आणि उद्धट ठरले. मार्कही गेले.

बरं, कॅलेंडर तर कॅलेंडर. 1765 साली एदोतली हौशी मंडळी सचित्र दिनदर्शिका छापून एकमेकांना देत होती. दिनदर्शिका विकायचा हक्क ठरावीक प्रकाशकांनाच, म्हणून मोठ्या-लहान (30 आणि 29 दिवसांच्या) महिन्यांचे आकडे किमोनोच्या नक्षीत दडवायचे. त्या चढाओढीतूनच बहुरंगी छपाई बहरली. हा संचही आधी क्योसेन नावाच्या अशाच एका रसिकाने करवून घेतला, बाजारात आला तो नंतर.

"यात हात कुठे दिसतो?" हा सरांचा दुसरा प्रश्न. रंगागणिक चेरीची वेगळी फळी कोरा, ओलसर कागद दर वेळी केंतोच्या, म्हणजे कागद नेमका जागेवर बसवायच्या, खाचेत बसवा आणि किमोनोची कड केसभरही सरकू देऊ नका, मग बोलू. कॅनव्हासवर चुकलं तर वरून रंग मारता येतो.

आता सगळ्याच प्रिंट्स अशा नसतात, हेही खरं. नुसत्या खपासाठी काढलेल्याही ढीगभर आहेत. हारुनोबूच्या बायकासुद्धा चेहऱ्यावरून एकमेकींपासून ओळखू येत नाहीत.

घ्यायचीच तर नव्याने कोरून हाताने छापलेली प्रत घ्या. कागद उलटून बघा, रंग मागपर्यंत उतरलेला असतो, बारेन (कागद दाबून घासायची चपटी गादी) घासल्याच्या खुणाही सापडतात. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर ते ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची छपाई, त्याला पोस्टरपेक्षा जास्त पैसे देऊ नका.