जिल्हा परिषद शाळेत तिसरीच्या वर्गात या आठवड्यात काय शिकवत आहेत?

आपला पुतण्या गावाकडे तिसरीत आहे, फोनवर विचारले की तो "वजाबाकी" एवढेच सांगतो, तेव्हा नेमके काय चालले आहे आणि घरी सराव कसा घ्यावा, असे आपण विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी व चौथीचे वर्ग एकत्र सांभाळतो, म्हणून माझ्या वर्गापुरते सांगतो.

परिसर अभ्यासात जिल्ह्याचा नकाशा सुरू आहे. पूर्वेची वर्धा आणि दक्षिणेची पैनगंगा मुलांनी बोटाने गिरवून झाली. बाकी सगळा आठवडा मात्र हातच्याच्या वजाबाकीने खाल्ला आहे.

सोमवारी फळ्यावर ५२ वजा २७ लिहिले, तेव्हा निम्म्या वर्गाचे उत्तर ३५ आले. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलांनी सरळ सातातून दोन काढले होते. अशा वेळी उदाहरण पुन्हा पुन्हा फळ्यावर सोडवून दाखवण्याचा उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे. आम्ही फड्याच्या (झाडूच्या) काड्या घेतल्या, दहा-दहांचे पाच गठ्ठे बांधले आणि दोन काड्या सुट्या ठेवल्या. सात काड्या द्यायच्या तर एक गठ्ठा सोडावा लागतो. मग चार गठ्ठे आणि बारा काड्या होतात, आणि सात काड्या व दोन गठ्ठे दिल्यावर २५ उरतात. दोरा स्वतःच्या हाताने सोडल्यावर पाचाचे चार का झाले, हे मुलांना विचारावे लागत नाही. (हेच २५ ऐकून लिहिताना काही मुले ५२ लिहितात, कारण आपण ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच बोलतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन आले, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली; पण सुरुवातीला मला त्याची मदत होते.)

खरी अडचण मंगळवारी आली. ‘शेजारच्या घरून दहा उसने घ्या’ असे मी सवयीने म्हणून गेलो, तर एका मुलीने विचारले, "सर, उसने घेतले त वापस कधी करायचे?" तिच्या पाटीवर उत्तर होते १५. चौकशी केली तेव्हा कळले की रात्री तिच्या आजोबांनी तिला त्यांच्या पद्धतीने शिकवले होते: बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन. ही जुनी पद्धत अगदी बरोबर आहे, कारण तिच्यात वरच्या संख्येत दहा सुटे आणि खालच्या संख्येत एक दशक मिळवतात, त्यामुळे दोघांतला फरक बदलत नाही. मुलीने मात्र शाळेचे ऐकून वरच्या पाचाचे चार केले, आजोबांचे ऐकून खालच्या दोनाचे तीनही केले, आणि एक दशक दोनदा गेले. तेव्हापासून मी ‘उसने’ हा शब्द सोडून ‘गठ्ठा सोडा’ असेच म्हणतो.

म्हणून आपण फोनवर सराव घेताना आपली पद्धत सांगण्याआधी पुतण्याला त्याची पद्धत बोलून दाखवायला सांगावे, आणि उत्तर तपासायला बेरीज करायला लावावी: २५ अधिक २७ बरोबर ५२ आले की झाले. उदाहरणे त्याच्या ओळखीची असू द्यावीत. सध्या वेचणीचे दिवस आहेत. आईने दिवसभरात ४१ किलो कापूस वेचला, त्यातला दुपारपर्यंत १८ किलो, तर नंतर किती, हे गणित मुले न कंटाळता करतात.

शनिवारच्या सकाळच्या शाळेत ४०२ वजा १७५ घेणार आहे. त्यात दशकाच्या जागी शून्य असल्यामुळे सोडायला गठ्ठाच नसतो. आधी शंभराचा भारा सोडून दहा गठ्ठे करायचे आणि मग त्यातला एक गठ्ठा सोडायचा. त्यासाठी शुक्रवारी मुलांना घरून आणखी काड्या आणायला सांगितले आहे.