क्लायंटचा आवाज भरून आला आणि मी प्लॅन काढला

प्रश्न : ताई, पंधरा वर्षं एचआरमध्ये काढली आणि गेल्या वर्षी कोचिंग (क्लासेस नाही, करिअरबद्दल एकेकाशी बोलून मदत करणं) सुरू केलं. मागच्या महिन्यात एका क्लायंटचं प्रमोशन दुसऱ्यांदा हुकलं, ते सांगता सांगता तिचा आवाज भरून आला, मी पटकन म्हटलं 'अगं काही नाही होत, आपण मस्त प्लॅन करू' आणि पुढच्या तीन महिन्यांचे गोल्स लिहायला घेतले. ती हो हो म्हणाली आणि नंतरची दोन्ही सेशन्स तिने कॅन्सल केली. माझ्या मेंटरने रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाल्या, तुझी भावनिक बुद्धिमत्ता इथे कमी पडली. खरं सांगू का, लागलं मला ते. मी तर हळवी म्हणून ओळखली जाते, समोरचा रडला की मलाही रडू येतं. मग चुकलं कुठे?

उत्तर : तिला वाईट वाटतंय हे तुला लगेच कळलं की, तिथे काहीच चुकलं नाही. तुला स्वतःला त्या क्षणी काय झालं, ते मात्र तुला कळलं नाही. एक काम कर, ते रेकॉर्डिंग परत लाव (परवानगी घेऊन केलं होतंस असं धरून चालते) आणि तिचा आवाज अडखळतो तिथपासून तू बोलायला लागतेस तिथपर्यंत किती सेकंद गेले ते मोज. मी माझ्या सुरुवातीच्या दिवसांत असं मोजलं होतं तेव्हा दोन सेकंदसुद्धा भरले नव्हते, आणि ते ऐकताना इतकी ओशाळले की लॅपटॉपच बंद केला. समोरचीचं दुःख मला सोसत नव्हतं म्हणून मी ते गुंडाळत होते, आणि वर त्याला मदत म्हणत होते! तुझा प्लॅनही बहुतेक तुझीच घालमेल थांबवायला आला होता, तिला त्या घटकेला तो नकोच होता.

हळवेपणा वेगळा आणि भावनिक बुद्धिमत्ता वेगळी, आपल्याकडे दोन्ही एकाच पोत्यात भरतात. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये ही कल्पना नीट मांडली, डॅनियल गोलमनच्या 1995 च्या पुस्तकाने ती घराघरात गेली. सॅलोव्ही-मेयर यांनी पुढे त्याचे चार भाग सांगितले, भावना ओळखणं, विचार करताना तिचा उपयोग करणं, ती कुठून आली नि पुढे कुठे जाईल हे समजणं, आणि ती हाताळणं, स्वतःची आणि दुसऱ्याचीही. आपण हळवी माणसं पहिल्या भागात पैकीच्या पैकी घेतो आणि चौथ्यात दांडी उडते.

आता प्रॅक्टिकल बोलते. आवाज भरून आला की काहीच करू नकोस. खरंच काही नाही, पाय जमिनीवर टेकव, एक श्वास सोड, आणि मनात स्वतःलाच विचार की मला आत्ता काय होतंय. 'मला भीती वाटतेय की हिला सावरता येणार नाही मला' एवढं कळलं तरी निम्मी घाई ओसरते. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या टीमने 2007 मध्ये दाखवलं होतं की चेहऱ्यावरच्या भावनेला लोक शब्दांत नाव देतात तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या, भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची धडपड कमी होते. तो प्रयोग फोटोंवरचा होता, कोचिंगवरचा नाही, पण नाव दिलं की जरा जागा मिळते हे कोच म्हणून रोज बघते मी.

आणि नाव नेमकं पाहिजे. क्लायंट येतात ते 'वैताग आलाय', 'स्ट्रेस आहे' एवढंच घेऊन येतात, आणि आपणही तेच लिहून घेतो. मराठीत केवढे शब्द पडलेत बघ, हिरमुसणं, खट्टू होणं, ओशाळणं, कुढणं, चीड, हेवा, पाणउतारा. प्रत्येकाचा पुढचा रस्ता वेगळा. हेवा वाटत असेल तर दुसऱ्याला मिळालेलं काहीतरी तिला हवंय. पाणउतारा वाटला असेल तर प्रमोशनपेक्षा ते कसं सांगितलं गेलं, कुणासमोर, हे जास्त झोंबलंय, आणि अशा माणसापुढे तीन महिन्यांचे गोल्स ठेवले तर तिला वाटणार की इथेही कुणी ऐकलं नाही.

फक्त शब्द तिच्या कपाळी चिकटवू नकोस. 'तुला अपमान वाटतोय' असं नाही म्हणायचं, 'ऐकताना मला असं वाटलं की यात निराशेपेक्षा अपमान जास्त आहे, की मी चुकतेय?' असं विचारायचं आणि गप्प बसायचं. ती नाही म्हणाली तरी उत्तम, कारण मग ती स्वतःचा शब्द शोधते. माझी एक क्लायंट (तपशील बदलून सांगतेय) अशाच प्रश्नावर बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'अपमान नाही हो, सुटल्यासारखं वाटलं, मला ती पोस्ट नकोच होती.' सगळी दिशाच बदलली आमची. मी प्लॅन काढला असता तर आम्ही दोघी मिळून तिला नको असलेल्या खुर्चीकडे पळत सुटलो असतो.

त्या क्लायंटला मेसेज कर, लांबण नको. 'त्या दिवशी तुझं ऐकायचं सोडून मी घाईने प्लॅनकडे वळले, ते मला जाणवलं. तुला पुढे बोलायचं असेल तर मी आहे.' ती येईल की नाही सांगता येत नाही, पण सारखा फॉलो-अप करू नकोस.

प्रश्न : मी टीम लीड आहे. कोचिंगआधी आमच्याकडे सगळ्यांची इक्यू टेस्ट, म्हणजे भावनिक बुद्धिमत्तेची चाचणी, घेणार आहेत. स्कोअर कमी आला तर?

उत्तर : आधी विचारा टेस्ट कुठल्या प्रकारची. एकात आपणच आपल्याबद्दल टिक करतो, 'मी शांत राहतो' वगैरे, रूवेन बार-ऑन यांची 1997 ची टेस्ट या जातीची. दुसरीत प्रश्न सोडवायचे असतात, चेहरा बघून भावना ओळखा असं काहीसं, 2002 ची मेयर-सॅलोव्ही-कारुसो टेस्ट तशी. पहिल्या प्रकारात गंमत अशी की ज्याला स्वतःबद्दल सगळ्यात कमी कळतं तोही मजेत भरपूर मार्क घेऊ शकतो, त्यामुळे आकड्याने खचू नका आणि फुगूही नका, कोचबरोबर बोलायला एक सुरुवात म्हणून ठीक आहे. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, रिपोर्ट कोण बघणार? तुमच्या बॉसच्या टेबलावर जाणार असेल तर खरी उत्तरं कोण देईल हो. हे लेखी विचारून घ्या, आणि कोचशी झालेलं बोलणं किती गुप्त राहणार तेही.

प्रश्न : माझा कोच चांगला आहे पण हल्ली प्रत्येक सेशनमध्ये लहानपणावर येतो, मी रडतो, आणि ऑफिसचा मुद्दा राहूनच जातो. हे बरोबर आहे का?

उत्तर : रडण्यात गैर काही नाही, पण जुनी जखम भरून काढणं हे थेरपिस्टचं काम. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचेसच्या संघटनेच्या आचारसंहितेतही हेच आहे की गरज दिसली तर क्लायंटला योग्य व्यावसायिकाकडे पाठवावं. पुढच्या सेशनच्या पहिल्याच मिनिटाला सांगा, 'आज मला अमुक मीटिंगबद्दल बोलायचंय, आणि लहानपणाचा विषय कोचिंगमध्ये कितपत घ्यायचा तेही ठरवूया.' चांगला कोच यावर सावरून बसेल, कदाचित थेरपिस्टचं स्वतःच सुचवेल. तो दुखावला किंवा 'तू टाळतोयस' म्हणाला तर मात्र कोच बदला. आणि झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सेशनची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना गाठा.