‘हरितगृह वायू’ हिरवे नसतात, मग त्यांत ‘हरित’ कशाला?

प्रश्न असा आहे : ‘हरितगृह वायू’ या शब्दातील ‘हरित’चा वायूंशी काय संबंध? आणि हे वायू उष्णता ‘अडकवतात’, ‘परावर्तित करतात’ की ‘धरून ठेवतात’? यांपैकी कोणते क्रियापद योग्य?

‘हरित’ हे वायूंचे विशेषण नाही आणि घराचेही नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थंडीत न तगणारी सदाहरित झाडे ज्या आडोशाच्या घरात ठेवत, त्याला ‘ग्रीनहाऊस’ हे नाव पडले, म्हणजे हिरवी झाडे ठेवण्याचे घर. मराठीत त्याचे ‘हरितगृह’ झाले, आणि व्याकरणाने पाहता तो ‘कांदेपोहे’सारखा मध्यमपदलोपी समास आहे. कांदेपोहे म्हणजे कांद्याचे पोहे नव्हेत, कांदा घालून केलेले पोहे; तसेच हरितगृह म्हणजे हिरवे घर नव्हे, हिरव्या झाडांसाठीचे घर. पुढे ‘हरितगृह वायू’ म्हणताना आणखी एक पद लोपते : हरितगृहासारखा ऊब राखणारा परिणाम घडवणारे वायू. मात्र ‘हरित क्रांती’, ‘हरित ऊर्जा’ या शब्दांची सवय झालेला वाचक ‘हरित’ दिसताच काहीतरी पर्यावरणाला पोषक असणार असे गृहीत धरतो, आणि गोंधळ तेथून सुरू होतो. त्यात ‘हरित गृह वायू’ अशी तीन पदे सुटी छापली की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातील सिलिंडर आला तरी त्याला दोष देता येणार नाही. ‘हरितगृह’ जोडूनच लिहावे, आणि ‘हरित वायू’ असा संक्षेप कधीही करू नये.

वातावरणाला हरितगृहाची उपमा देण्यात शास्त्रीय खोटही आहे. मावळात गुलाब आणि जरबेरा पिकवणारा शेतकरी ‘हरितगृह’ म्हणत नाही, ‘पॉलिहाऊस’ म्हणतो, आणि दुपारी आत धग वाढू लागली की बाजूचे पडदे गुंडाळून वर घेतो. तापलेली हवा बाहेर पडते आणि आतला उबारा उतरतो. म्हणजे पॉलिहाऊस तापते ते मुख्यतः गरम हवा कोंडल्यामुळे. साध्या पॉलिथिनमधून तर जमिनीने सोडलेली अवरक्त किरणे (डोळ्यांना न दिसणारी, उष्णता वाहून नेणारी किरणे) बऱ्याच अंशी आरपार जातात. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ साली एका पेटीवर अवरक्त किरणे अडवणारी काच आणि दुसरीवर ती जाऊ देणाऱ्या सैंधवाची पट्टी बसवून दोन्ही उन्हात ठेवल्या, तेव्हा त्या जवळपास सारख्याच तापल्या. वातावरणाला असे पडदे नाहीत आणि छप्परही नाही. तेथे काम वेगळ्या रीतीने चालते.

सूर्याचा दृश्य प्रकाश हवेतून फारसा न अडखळता जमिनीवर येतो. त्याने तापलेली जमीन अवरक्त किरणे सोडते. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असला तरी हे दोन्ही वायू त्या किरणांना जवळपास हातही लावत नाहीत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांचे रेणू मात्र ती शोषून घेतात, आणि हे रेणू असलेल्या थरांतील हवा तीच ऊर्जा पुन्हा अवरक्त किरणांच्या रूपाने सर्व दिशांना सोडते. त्यांपैकी काही किरणे खाली जमिनीकडे येतात. निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला याचा अनुभव दर हिवाळ्यात येतो : रात्री आभाळ निरभ्र असेल तर पारा झरझर उतरतो आणि बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, तर ढग आले की थंडी पळते. ढगांतले पाण्याचे थेंब आणि वाफ खालून येणारी उष्णता शोषून तिचा वाटा परत देतात.

म्हणून ‘परावर्तित करतात’ हे क्रियापद सरळ चूक आहे. आरसा परावर्तन करतो, म्हणजे आलेला किरण शोषून न घेता परतवतो. येथे आधी शोषण आणि मग उत्सर्जन होते. ‘अडकवतात’ इतके चूक नाही, पण त्यातून उष्णता कायमची कैद झाल्याचा भास होतो, आणि तसे असते तर पृथ्वी केव्हाच वितळली असती.

माझे मत ‘धरून ठेवतात’ या क्रियापदाला आहे. काळी जमीन ‘ओल धरून ठेवते’ असे आपण म्हणतो, तेव्हा ओल कधीच उडत नाही असा त्याचा अर्थ नसतो. मुरमाड जमिनीपेक्षा ती उशिरा उडते आणि तोवर मातीत साठा जास्त राहतो, एवढेच सांगायचे असते. वातावरणाचेही तसेच आहे. हे वायू मुळीच नसते तर भूपृष्ठाचे सरासरी तापमान सुमारे उणे १८ अंश सेल्सिअस असते. ते सुमारे १५ अंश आहे. औद्योगिकीकरणापूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते, आता ते ४२० च्या वर गेले आहेत. हे प्रमाण वाढते तसतशी अवकाशात अखेर निसटणारी किरणे अधिक उंचावरच्या, म्हणजेच अधिक थंड थरांतून निघू लागतात. थंड थर कमी ऊर्जा सोडतो, सूर्याकडून होणारी आवक तेवढीच राहते, आणि जावक पुन्हा तिच्या बरोबरीला येईपर्यंत खालची जमीन, समुद्र आणि हवा तापत जातात.

‘हरितगृह वायू’ हा शब्द पाठ्यपुस्तकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत रुळलेला असल्याने तो आता बदलू नये. वाक्य मात्र असे लिहावे : ‘हरितगृह वायू पृथ्वीने सोडलेली उष्णता शोषून घेतात, तिचा काही भाग परत देतात आणि अशा रीतीने ती धरून ठेवतात.’