घरी सगळे मराठी, शाळा पूर्ण इंग्लिश. दुसरीतल्या मुलाला तिथंच ठेवू की सेमी-इंग्लिशला घालू?

काढा. वर्गात मराठी बोललं की दंड आणि घरी इंग्लिश येणारं कुणी नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग विचार कसला करताय?

आमचं पोरगं अशाच एका शाळेत तिसरीत होतं. जानेवारीत सासुरवाडीला, पन्हाळा तालुक्यात, गुऱ्हाळावर गेलो होतो. साडूही पुण्याहून आलेले. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस उकळत होता, गूळ करणारा गुळव्या मळी काढत होता. साडूंना हुक्की आली, पोराला विचारलं, ‘व्हॉट इज इव्हॅपोरेशन?’ पोरानं डोळे मिटून एका दमात व्याख्या म्हणून दाखवली. साडूंनी खूश होऊन खिशातनं चॉकलेट काढलं.

गुळव्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. त्यानं आपलं सहज विचारलं, ‘बाळा, मघाशी काहील भरली होती, आता निम्म्यावर आली. बाकीचं गेलं कुठं?’

पोरगं काहिलीकडं बघतंय, मग वाकून चुलवाणाकडं बघतंय. म्हणालं, ‘गळालं असंल.’ चष्म्याच्या दोन्ही काचा वाफेनं पांढऱ्या झालेल्या त्याच्या!

साडू म्हणाले, ‘त्याला इंग्लिशमध्ये विचारा की.’ विचारलं. परत तीच व्याख्या.

जूनमध्ये सेमीला घातलं, म्हणजे माध्यम मराठी, एखाद-दुसरा विषय तेवढा इंग्लिशमधून. साडूंचं मत, मी पोराचं वाटोळं केलं. दर दिवाळीला तोच विषय, आणि तेच कॅनडा: तिकडं म्हणे मुलांना फ्रेंचमध्ये बुडवूनच शिकवतात. मग मी वाचून काढलं. १९६५ मध्ये माँट्रियलजवळ सेंट लॅम्बर्टला इंग्लिश बोलणाऱ्या आईबापांनीच मागून घेतलेला वर्ग तो. बाईंना मुलांची भाषा कळायची, सुरुवातीला पोरांनी इंग्लिशमध्ये उत्तर दिलं तरी चालायचं आणि दुसरीपासून इंग्लिशचा तासही होता. दंड नव्हता हो साडू!

सेमी म्हणजे जादू नाही. दिवाळीपर्यंत पोराचे हाल झाले, जोडाक्षरं फुटायची नाहीत, रोज रडारड. बाष्पीभवन हा शब्द तरी कुठं सोपा आहे? पण बाईंनी ‘वाफ’ म्हटलं आणि गाडी रुळावर आली. आमच्या शाळेत पाचवीपर्यंत फक्त गणित इंग्लिशमधून, परिसर अभ्यास मराठीत. सहावीपासून विज्ञान इंग्लिशमध्ये. आता आठवीत आहे, अडत नाही. बोलताना अडखळतो, ते खरंय.

तुमची बदलीची नोकरी असेल, तर मात्र माझं ऐकू नका. मूल सातवी-आठवीत असतं तरी काढा म्हटलं नसतं. आणि शाळेतल्या बाई मराठीत समजावून सांगणाऱ्या असतील, दंड फक्त पाटीवरच असेल, तर आधी एकदा वर्गात बसून बघा.

शाळा सोडल्याच्या दाखल्याचं म्हणाल तर जुनी शाळा फीवरून अडवून धरते, आम्हाला दोन महिने फिरवलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. एवढं नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना शांतपणे सांगा.