वाचक विचारतात : डावं इंजिन फुल थ्रॉटलवर दम का टाकतं?

प्रश्न : आमच्या मच्छीमार संस्थेच्या फायबर बोटीला ४० हॉर्सपॉवरची दोन टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिनं आहेत, टाक्या वेगवेगळ्या. गोसीखुर्दच्या पाण्यात फुल थ्रॉटल दिलं की दहाएक मिनिटांत डावं इंजिन बसतं. नळीवरचा रबरी बल्ब दाबला की पुन्हा उचलतं. प्लग बदलले, कार्ब्युरेटर दोनदा साफ केला, फरक नाही.
– एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : कार्ब्युरेटर आता तिसऱ्यांदा उघडू नका. बल्ब दाबल्यावर इंजिन उचलतं, म्हणजे ठिणगी आणि जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) ठीक आहेत. पेट्रोल कमी पडतंय ते टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत, नाहीतर पंपातच.

शेजारी चांगलं इंजिन आहे, त्याचा उपयोग करा. डावी टाकी नळी-बल्बासकट उजव्या इंजिनाला लावा, उजवी डाव्याला, आणि पंधरा मिनिटं पूर्ण वेगात चालवा. आता उजवं बसलं तर दोष टाकीत किंवा नळीत. डावंच बसलं तर इंजिनाच्या अंगात. एवढं कळेपर्यंत पाना हातात घेऊ नये.

दोष टाकीकडे निघाला तर इंजिन बसतानाच बल्बाकडे बघा. चपटा झाला असेल तर मागे कुठेतरी पेट्रोल अडतंय. पहिला संशय टाकीच्या झाकणावरच्या हवेच्या स्क्रूवर. एवढं इंजिन पूर्ण वेगात तासाला पंधरा लिटर सहज पितं, म्हणजे दहा मिनिटांत अडीच लिटर. तेवढी हवा आत शिरली नाही तर टाकीत ओढ तयार होते आणि पंप हरतो. हळू चालवताना हे कळतही नाही. इंजिन बसताच झाकण सैल करा. ‘फुस्स’ आवाज होऊन हवा आत गेली आणि इंजिन सावरलं तर रोग सापडला. तसं नसेल तर टाकीतल्या ओढनळीची जाळी काढून धुवा. नळी जुनी असेल तर सरळ बदला. इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबराचं आतलं अस्तर सुटतं आणि पडद्यासारखं आडवं येतं. बाहेरून नळी धडधाकट दिसते.

बल्ब गोल पण मऊ राहत असेल तर हवा शिरतेय. इंजिनाच्या अगदी अलीकडे फूटभर पारदर्शक पेट्रोल-नळी जोडून बुडबुडे बघा. कनेक्टरमधली झिजलेली ओ-रिंग आणि ढिली क्लिप हे नेहमीचे चोर. पेट्रोल गळताना दिसत नाही म्हणून फसू नका. चालू इंजिनात नळीत ओढ असते, त्यामुळे पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. इंजिन बंद करून बल्ब जोरात दाबला की तीच जागा ओली होते. बल्बावरचा बाण इंजिनाकडेच आहे ना, तेही बघून घ्या. उलटा बसवलेला बल्ब पेट्रोल पुढे जाऊच देत नाही.

अदलाबदल करूनही डावंच बसलं तर इंजिनावरचा छोटा फिल्टर आणि पंपाचा पडदा (डायाफ्राम) बघा. क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या) दाबाच्या धक्क्यांवर हा पडदा हलतो. फाटला की पेट्रोल तिकडून आत शिरतं, मग एकाच सिलिंडरचा प्लग ओला-काळा निघतो. पडदा आणि गॅस्केटचा अख्खा किट टाका. हे सगळं बॅटरीची तार काढून, मोकळ्या हवेत आणि बिडी विझवून.

प्रश्न : पावसाळ्यात दोन-अडीच महिने बोट बंद होती. आता दोन्ही इंजिनं अडखळतात. टाकी एकच आहे.
– एक वाचक, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : दोन्ही एकदम बिघडली की दोघांत सामाईक काय ते आधी बघायचं. इथे टाकी आणि पेट्रोल. टाकीच्या अगदी तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर बसला तर इथेनॉल पाणी घेऊन खाली उतरलंय, आणि ओढनळीचं तोंड नेमकं तिथेच असतं. टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त वाईट, कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. खालच्या थरावर चाललेलं इंजिन कोरडं पडून जाम होतं. वरून ताजं पेट्रोल ओतून भागणार नाही. टाकी पूर्ण रिकामी करा (तलावात नाही), नळ्या आणि कार्ब्युरेटरखालच्या, पेट्रोल साठणाऱ्या फ्लोटच्या वाट्या निथळवा. जेट तारेने कोरू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवा पुरे. ताजं मिश्रण पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिली ऑइल. अर्थात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं इंजिन असेल तर. प्रत्येक इंजिनाला पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा स्वतंत्र फिल्टर बसवा. एकाच टी-जोडावरून दोघांना पेट्रोल देत असाल तर तो काढून टाकीतून दोन ओढनळ्या घ्या. एकीकडे हवा शिरली तर दुसरं तरी घाटापर्यंत आणेल.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी जाळं ओढायला इंजिन बंद केलं की परत लवकर लागत नाही. संध्याकाळी ठीक.
– एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : उन्हात तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते. टाकी-नळीवर ओलं पोतं टाका, इंजिनाचं झाकण उघडून दहा मिनिटं निवू द्या, मग बल्ब कडक होईपर्यंत दाबून सुरू करा. टाकी फुगली असेल तर झाकण एकदम उघडू नका, स्क्रूने हळूहळू दाब सोडा.